लेकीला सुतक नसतं

आत ये म्हटलं तरी सीताराम उंबरा ओलांडेना, तेव्हाच वनमालाच्या लक्षात आलं, कुणीतरी गेलं.

“कोण रे?”

“खंडूआजोबा.”

“कोण खंडूआजोबा?”

“गावचे गं. वरच्या घरचे. बाबांचे चुलत चुलते. तार आली काल.”

वनमालाने त्या म्हाताऱ्याला उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं होतं, तेही लग्नाआधी, पडवीत सुपारी कातरत बसलेलं. नव्वदी ओलांडलेला माणूस. सुटला बिचारा, म्हणून तिने हात जोडले. पण सीतारामचं तोंड बघून तिला वाटलं, याचं खंडूआजोबांवर एवढं प्रेम कधीपासून? कांदिवलीच्या तिच्या दोन खोल्यांच्या दाराशी तिचा धाकटा भाऊ निथळती छत्री धरून उभा होता आणि त्याच्याने बोलवत नव्हतं.

“पाणी तरी घे.”

“नको. सुतक आहे ना.” मग खाली बघत तो म्हणाला, “ताई, सगळ्यांनाच आहे. दादाला, मला, आईला, वहिनीला. आणि कारखान्यातल्या एकूण एक माणसाला. काल दुपारपासून कुणी मूर्तीला बोट लावलेलं नाही. वाट लागली गं.”

वनमालाला आधी हसू आलं. खरंच आलं, त्यात लपवायचं काय! आणि त्या हसण्यामागोमाग पाडव्यापासून गिळून ठेवलेला सगळा संताप घशाशी आला.

बाबा होते तोवर मेस्त्रींचा गणपतीचा कारखाना अंधेरीच्या चाळीतल्या पडवीत मावत होता. चाळीतले, शेजारच्या वाडीतले, गावचे ओळखीचे, एवढंच गिऱ्हाईक. बाबा गेले आणि इकडे मरोळला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले, कुणी औषधं करतंय, कुणी खिळे, कुणी बिस्किटं. प्रत्येक ठिकाणच्या कामगारांना आपल्या गेटाशी आपला गणपती हवा. सीतारामचं तोंड गोड. तो गेटागेटावर फिरला आणि झेपणार नाहीत इतक्या ऑर्डरी घेऊन आला. पडवी पुरेना, म्हणून मरोळ गावठाणात गिल्बर्ट परेराची पत्र्याची शेड भाड्याने घेतली. शेड झाली, साचे झाले, शाडूची पोती येऊन पडली. आता हवी होती माणसं.

आणि तिथेच दशरथदादाने अक्कल पाजळली.

“बाहेरचा माणूस नको,” पाडव्याच्या पंगतीत तो म्हणाला होता. “आज शिकेल, उद्या समोर दुकान मांडेल. आपली माणसं ती आपली.” गावाला निरोप गेला, आणि वाडीतून भाऊबंद आले. कुणी चुलत, कुणी चुलतचुलत, सगळे मेस्त्री, सगळे एका देवघराचे. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात कुंचला धरला नव्हता. एक तर बैलगाडी हाकायचा. शिकतील, म्हणे!

“दादा, सगळी एकाच घरची घेतलीस तर एक रुसला की सगळे रुसतील,” वनमाला म्हणाली होती. “चार घरची घे. रंगाला आपला गिल्बर्टच घे, चर्चचे पुतळे रंगवतो, त्याच्यासारखा रंग अंधेरीत कुणाला येत नाही. दागिन्यांना मुलुंडला दिलेली आपली विमला घे. आणि डोळ्यांना मला घे. श्रावणापुरती नाही, कायमची.”

दहा वर्षांची असल्यापासून ती बाबांशेजारी बसून डोळे आखत आली होती. बाबांचा हात शेवटी शेवटी कापायचा, तेव्हाचे सगळे गणपती तिच्याच नजरेने बघायचे. लग्न झालं तरी दर श्रावणात ती कांदिवलीहून यायची, मान मोडेस्तोवर डोळे काढायची आणि नारळ नि खण ओटीत घेऊन परत जायची. दादाला यातलं काय ठाऊक नव्हतं?

पण तो हसला. “वने, तू आता राऊळांची. मेस्त्रींच्या धंद्यात राऊळ कुठून आले? लेक दिली की परक्याची.” आईने ताटात मान घातली. जिन्यात ‘मी तुझ्या बाजूने बोलतो’ म्हणालेला सीताराम श्रीखंड खात राहिला. आणि डोळ्यांचं काम गेलं रघूकडे, वाडीतल्या चुलत भावाकडे. रघूने नमुन्याच्या मूर्तीवर काढलेले डोळे तिने आषाढात जाऊन पाहिले होते. गणपती झोपेतून दचकून उठल्यागत दिसत होता.

“दादाने बोलावलंय तुला उद्या,” सीताराम म्हणाला. “लेकींना सुतक नसतं ना.”

“हो का? नसतं का?” वनमाला म्हणाली. “मला वाटलं, मी परकी आहे म्हणून निरोपसुद्धा येणार नाही.”

“ताई...”

“जा तू. येते मी.”

सीताराम गेल्यावर आतून शिवदासने वर्तमानपत्र खाली ठेवलं. वनमालाचा नवरा तसा मवाळ माणूस, ऑफिसात कुणाला अरे म्हणायचा नाही. पण आज त्याच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“जायचं नाही,” तो म्हणाला. “पाडव्याला परकी होतीस, आता आपली झालीस? काय चाललंय काय!”

“जाणार आहे मी. कुठल्या तोंडाने मागतो ते तरी बघू दे.”

“मग मीही येतो.”

“या. पण गप्प बसायचं.”

*

मरोळच्या शेडबाहेर भाऊबंदांचा बाजार भरला होता. पत्र्याच्या वळचणीखाली कुणी बिडी ओढत होतं, दोघातिघांनी पत्ते मांडले होते. शेडचं दार सताड उघडं आणि आत एकही माणूस नाही. फळ्यांवर ओळीने मूर्ती. काहींना अंगाचा रंग लागलेला, बऱ्याचशा नुसत्या पांढऱ्या. डोळे एकीलाही नाहीत.

दादा दारापासून चार हात लांब लोखंडी खुर्चीवर बसला होता. आई पोत्यावर. सुगंधावहिनी भिंतीला टेकून उभी. वनमाला जवळ गेली तशी आई अंग चोरून मागे सरकली. विटाळ होईल लेकीला, म्हणून. मायेने सरकली हे वनमालाला कळलं, तरी ते तिला लागलंच.

“आलीस? बस,” दादा म्हणाला. “म्हणजे तिकडे, त्या स्टुलावर. भावोजी, तुम्हीपण.”

कुणी चहाचं विचारलं नाही. वहिनीला विचारायची सोय नव्हती. शेवटी पलीकडच्या घरातून गिल्बर्टची बायको ल्युसीच दोन कप घेऊन आली आणि कुणाकडे न बघता वनमालाच्या हातात देऊन गेली.

“वने, प्रसंग आलाय,” दादाने सुरुवात केली.

“प्रसंग खंडूआजोबांवर आला. तुझ्यावर काय आलंय?”

“वाकडं बोलू नकोस. चतुर्थी तोंडावर आहे. गावी नेणारे तर आधीच मूर्ती उचलतात. सुतक फिटेपर्यंत थांबलो तर या पावसात रंग सुकायचे कधी? कंपनीवाल्यांना यंदा मूर्ती वेळेत मिळाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी ते आपल्या दारात उभे राहणार नाहीत. सगळा धंदा बसेल.”

“दादा, मी काय म्हणतो,” सीताराम मध्ये पडला, “प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मातीच ना ती? आपणच दार लावून...”

“अक्कल गहाण टाकलीस? निम्मं गिऱ्हाईक गावचं. कोण गेलं, कुणाला सुतक, सगळ्यांना पाठ आहे. सुतकातल्या हाताचा गणपती कोण घरात घेईल? आणि मलाही चालणार नाही ते. बाबांनी जन्मभर सोवळं पाळलं.” दादा वनमालाकडे वळला. “म्हणून तुम्ही मुली या. तू, विमला, आणखी दोघीतिघी आहेत भावकीतल्या, मुंबईत दिलेल्या. रंग, दागिने, डोळे, सगळं उरकून टाका. माहेरचंच काम आहे.”

“आणि मग?”

“मग काय? सुतक फिटलं की आम्ही आहोतच. तुमच्या सगळ्यांच्या ओट्या भरू. यंदा खण नाही हां, लुगडी! चांगली भारी.”

वनमालाने कप खाली ठेवला. लुगडी! म्हणजे याला अजूनही काही कळलेलं नाही. मुद्दाम अपमान केला असता तरी परवडलं असतं. हा तर मोठ्या मनाने देतोय, आणि वर ती खूश होईल म्हणून तिच्या तोंडाकडे बघतोय!

“अडला हरी...” वळचणीखालून रघू पुटपुटला आणि दोघंजण खुसखुसले.

“पुढचं म्हण ना रघू,” वनमालाने मान वळवली. “गाढव कोण ते मोठ्याने सांग. तू दिलेले डोळे बघून तो गणपती अजून दचकलेलाच आहे.”

रघूने पत्ते हातात घेतले.

“दशरथ, मी काल सांगितलं, आज परत सांगतो,” गिल्बर्ट आपल्या घराच्या पायरीवरून उठून आला. काळा, उंच, पन्नाशीचा माणूस, नखांत सोनेरी रंग कायमचा बसलेला. “मी आणि माझा भाऊ फिलिप, दोघं मिळून अंगाचा रंग मारून देतो. आम्हाला तुमचं सुतक नाय. रिकामेच आहोत.”

“गिल्बर्ट, तू चांगला माणूस आहेस,” दादा म्हणाला. “पण गणपतीला ख्रिस्ताव रंग देणार? लोक काय म्हणतील?”

गिल्बर्टचा चेहरा उतरला नाही, तापला. “ही माती कुणाच्या विहिरीच्या पाण्यात भिजली? माझ्या. पाणी चाललं? शेड कुणाची? माझी. छप्पर चाललं? मग हातालाच काय झालं रे बाबा?”

दादा म्हणाला, “ते वेगळं.”

“वेगळं कसं ते सांगा ना,” सुगंधावहिनी अचानक बोलली.

“तू मध्ये पडू नकोस.”

“पडणार!” लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली बाई भिंत सोडून पुढे आली. “मी काही मेस्त्रींच्या घरात जन्मले नाही. खंडूआजोबा काळे की गोरे मला ठाऊक नाही. तरी मला सुतक, मी देवापुढे दिवा लावायचा नाही. आणि वन्सं इथे जन्मल्या, इथल्या मातीत वाढल्या, त्या परक्या! का, तर तुमची सोय. बायकांना हवं तेव्हा आपलं म्हणायचं, नको तेव्हा परकं म्हणायचं. पाडव्यालाच त्यांना घेतलं असतंत तर आज या दाराशी असे टाळं लागल्यागत बसला नसतात.”

वनमाला वहिनीकडे बघतच राहिली. ही बाई पाडव्याला वाढत होती, काही बोलली नव्हती. म्हणजे ऐकत होती तर.

“झालं तुझं?” दादा कसाबसा म्हणाला.

“नाही झालं. पण आता त्या बोलू देत.”

मग आई सुरू झाली. “वने, रागान बोलू नको गो बाय. बापाशीचा नाव आसा ह्या. ता बुडूक देव नको. तुज्या बापाशीन किती खस्ता खाल्ल्यान...”

“बाबांचं नाव पाडव्याला कुठे गेलं होतं आई? तेव्हा तुझ्या ताटात पडलं होतं का? तिथेच बघत होतीस ना तू?”

हे बोलली आणि तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. आईने पदर तोंडाला लावला.

“चल वनमाला,” शिवदास उठला. “बास झालं. तुला इथे कुणी माणूस समजत नाही. बुडू दे यांचा धंदा.”

खरं तर तिलाही तेच हवं होतं. उठावं, चपला घालाव्यात, आणि चतुर्थीच्या दिवशी कंपनीवाले दादाला काय काय बोलतात ते कांदिवलीत बसून ऐकावं. पण उघड्या दारातून तिला फळ्यांवरच्या मूर्ती दिसत होत्या. साचे बाबांचे होते. बाबांनी बनवलेलं ते रुंद कपाळ, ती किंचित डावीकडे कललेली मान. त्या मूर्ती अशा आंधळ्या ठेवून तिला जाता येणार नव्हतं, आणि दादाला हे नेमकं माहीत होतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“थांबा हो जरा,” ती शिवदासला म्हणाली. मग दादाकडे वळली. “मी करते. पण सुतकापुरती नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे इथलं काम आता माझ्या हाताखाली. अंगाचा रंग गिल्बर्ट आणि फिलिप देणार. दागिने विमला. डोळे मी. आणखी कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते मी ठरवणार. सुतक फिटल्यावरसुद्धा आणि पुढच्या वर्षीसुद्धा.”

“अगं, म्हणजे कारखानाच तुझ्या ताब्यात द्यायचा की!”

“कारखाना तुझा. ऑर्डरी सीताराम आणेल. काम कुणी करायचं ते मी बघणार. एवढंच.”

“आणि ही आपली माणसं? यांना काय गावाला धाडू?”

“ही तुझी माणसं एका म्हाताऱ्याने डोळे मिटले तर सगळी एकदम बाहेर बसली, दादा. यात त्यांचा दोष नाही. तू एकाच झाडाची फांदी धरून लटकलास आणि वर मलाच शहाणपण शिकवलंस, तुझा दोष आहे.”

दादा लाल झाला. त्याने सीतारामकडे पाहिलं. सीताराम यावेळी खाली बघत बसला नाही. “दादा, मी पाडव्याला गप्प बसलो,” तो म्हणाला. “आज नाही बसणार. ताई म्हणते ते बरोबर आहे.”

“बरं बाई, बरं,” दादा हात झटकत म्हणाला. “आधी एवढं निभावून ने. मग बघू.”

“मग बघू नाही. हो म्हण. सगळ्यांच्या देखत.”

दादाने वळचणीखालच्या भाऊबंदांकडे पाहिलं, मग उघड्या दारातून मूर्तींकडे.

“हो,” दादा म्हणाला.

*

विमला मुलुंडहून आली ती सासूशी भांडूनच. चुलत चुलत्यांच्या दोन मुली आल्या, माहेरवाशिणी, कौतुकाने नटूनथटून. वनमालाने प्रत्येकीच्या हातात एक तुटक्या मूर्तीचा हात दिला आणि म्हटलं, यावर कडं रंगवून दाखव. एकीचं कडं बरं आलं. दुसरीचं मनगटावरून ओघळलं. तिला वनमालाने चहा पाजून घरी पाठवलं. ती रडली, तिच्या आईचा निरोप आला, ‘फार शेफारलीस गं.’ येईना का! दादाने बैलगाडीवाला ठेवून घेतला म्हणून तिनेही ओघळलेलं कडं ठेवून घ्यायचं की काय? तिच्या जागी विमलाने आपल्या शेजारची शेवंती आणली, नात्याची ना गोत्याची, पण रांगोळीची रेघ अशी ओढायची की बघत राहावं. तिला मुकुट दिले.

गिल्बर्टने पहिल्याच दिवशी दादाचे रंगाचे डबे उघडून बघितले आणि शिवी हासडली. मग स्वतःचे रंग काढले, कोळशाच्या शेगड्या पेटवून फळ्यांखाली ठेवल्या, आणि त्या दमट हवेतसुद्धा अंगाचा रंग कसा तुकतुकीत वाळला. फिलिप काम करताना चर्चची गाणी गुणगुणायचा. विमलाला आधी ते कसंसंच वाटलं, मग तीही सूर धरायला लागली. गावचे चारपाच जण दारातून डोकावून गेले. कुणाला सुतक नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. बाकी ते गणपतीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मूर्ती सांगून गेले.

दादा रोज यायचा. लांब उभा राहायचा, आत पाय टाकायचा नाही. डोळे आखताना वनमालाला त्याची सावली दारात दिसायची. त्याला काय वाटत असेल, असा विचार एकदोनदा तिच्या मनात आला, आणि तिने तो हाकलून दिला. तिला काय वाटलं होतं, हे त्याने कधी विचारलं होतं?

*

सुतक फिटलं त्या दिवशी चतुर्थी अगदी दारात आली होती, आणि कंपन्यांचे मोठे गणपती अजून डोळ्यांसाठी खोळंबले होते.

सगळे एकदम आले. गावाला बाराव्याला गेलेले हजामती करून परतले होते, अंगावर धुवट कपडे. पुढे दादा. त्याच्यामागे आई, आणि वहिनी हातात ताट घेऊन. ताटात नारळ, तांदूळ आणि घडी घातलेलं हिरवं लुगडं. वहिनीने ताट धरलं होतं खरं, पण तिची मान वर होत नव्हती.

“वा! झकास!” दादा आत येत म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा पाय शेडमध्ये पडला होता. “वने, खूप केलंस. ऊठ आता. घरी नवरा वाट बघत असेल. रघू, बस तिथे, मोठ्यांचे डोळे घे हातात. अगं, ओटी भर ना तिची, उभी काय राहिलीस?”

वहिनी जागची हलली नाही.

वनमाला बिस्किटांच्या कंपनीच्या गणपतीचा डावा डोळा काढत होती. अर्ध्या डोळ्यात कुंचला उचलायचा नसतो, म्हणून तिने वर पाहिलं नाही. कान मात्र तापून लाल झाले होते. ‘हो’ म्हणाला होता. सगळ्यांच्या देखत म्हणाला होता! सुतक संपलं तसा याचा शब्दही संपला का? तिने श्वास रोखून पापणीची रेघ टोकापर्यंत नेली. गिल्बर्टने आपला कुंचला पाण्यात टाकला आणि हात पुशीत तिच्यामागे येऊन उभा राहिला. विमला आली. शेवंतीही उठली.

रेघ संपली. वनमालाने कुंचला ठेवला.

“दादा, माणसं मला हवीच आहेत,” ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. “मोठ्या मूर्ती उचलायला, गाड्या भरायला, घासायला. आणि हे आटपलं की नवरात्रीच्या देवी आहेत, त्यांची माती मागे भिजत पडलीय. तेव्हा तुम्ही आलात ते बरं झालं. पण एकेक जण पुढे या. मेस्त्री आहोत हे सांगू नका, ते मला जन्मापासून ठाऊक आहे. काम काय येतं ते सांगा.”

“वने!” दादा ओरडला. “तोंड सांभाळ. मोठा भाऊ आहे मी.”

“तू ‘हो’ म्हणालास तेव्हाही मोठाच होतास.”

सीताराम भाऊबंदांतून वाट काढत पुढे आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“मला बोलता येतं,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही.”

“मग आपल्या गेटावर जा. कंपनीवाले टेम्पो घेऊन येतील, त्यांच्याशी बोल.”

सीताराम गेला. त्याच्यामागून रघू आला, नजर चुकवत. “डोळे...”

“डोळे नाही.”

“मग घासणी. पॉलिश पेपर मारतो बरा.”

“मार.”

एकेक येत गेला. बैलगाडीवाल्याने सांगितलं, ओझं उचलतो, मूर्तीला धक्का लागू देणार नाही. तिने त्याला ठेवलं. दोघांना काहीच येत नव्हतं, ते तसं म्हणाले, आणि तिने त्यांना नाही म्हटलं. नाही म्हणताना तिला त्यांची दया आली, तरी म्हटलं.

शेवटी दादा राहिला. लोखंडी खुर्ची बाहेर होती, आत त्याला टेकायला काही नव्हतं. तो निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. गेला नाही. राहिलाही नाही धड. नुसता उभा होता.

आईला ते बघवेना. लेकाची बाजू सावरायला ती पुढे झाली, त्याच्या दंडाला धरून, लहान मुलाला मास्तरांपुढे ढकलावं तशी.

“दशरथा, सांग ना रे तिका,” ती काकुळतीने म्हणाली. “तुका काय येता?”

दादाने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. गेटाशी कुणाचा तरी हॉर्न वाजला, सीतारामचा आवाज आला, तरी आत कुणी वळून पाहिलं नाही. शेठ झाल्यापासून त्याने कशालाही हात लावला नव्हता, एवढं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“माती,” तो शेवटी म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. “माती मळता येते.”

येत होती. त्याने मळलेल्या मातीला कधी भेग पडायची नाही. बाबाही कबूल करायचे. वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण राग गेला नव्हता, आणि इतक्यात जाणारही नव्हता. तिने कुंचला उचलला आणि उजव्या डोळ्याकडे वळली.

“मग उद्या सकाळी सातला ये,” ती म्हणाली. “आणि ते ताट घरी घेऊन जा.”